एक नंबरचं इंजिन पेटलं तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो. आज जाऊ या न्यूकॅसलला. इंग्लंडच्या ईशान्येला, टाईन नदीकाठी वसलेलं हे कोळशाचं गाव. सुरुवातीला रेल्वेची इंजिनं बनायची ती बहुतेक खाणीच्याच आवारात, तिथल्या लोहारांच्या हातची. १८२३ साली इथल्या फोर्थ स्ट्रीटवर खास रेल्वे इंजिनांसाठी कारखाना निघाला, जगातला पहिला. भागीदार चौघे: जॉर्ज स्टीफन्सन, त्यांचा मुलगा रॉबर्ट, लोकरीचे व्यापारी एडवर्ड पीज आणि लोखंडवाले मायकेल लाँगरिज. कारभार रॉबर्टकडे. वय? १९ वर्षं! मला तर वाटतं, शाळेतच प्रत्येक मुलामुलीच्या हाती कानस आणि हातोडी द्यावी. असो.

वाफ कशी जोर लावते ते मी सांगायला नको, कुकर घरोघरी आहे. सांगायचंय ते पुढचंच.

सप्टेंबर १८२५. कारखान्यातलं एक नंबरचं इंजिन, पुढे ज्याला 'लोकोमोशन' म्हणू लागले ते, घोड्यांच्या गाड्यांवरून एक्लिफ गावाजवळ आणलं. स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेच्या रुळांवर चढवलं. पंपाने पाणी भरलं. सगळं तयार, पण विस्तव कुणाकडेच नाही! आगकाडी तेव्हा बाजारात नव्हती. ती आली १८२७ मध्ये, याच रेल्वेच्या टोकाला, स्टॉकटनच्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याच्या दुकानात. मग एकाला कंदील आणायला गावात पिटाळलं.

तिथे रॉबर्ट मेटकाफ नावाचा मजूर होता. ही हकिगत त्यानेच पुढे सांगून ठेवली आहे. दिवस उन्हाचा होता. वाट बघता बघता त्याला चिलमीची तलफ आली. खिशातलं भिंग काढून त्याने उन्हावर ती पेटवली. मग मनात आलं, हेच इंजिनाला करून बघू. इंजिनापाशी जुन्या दोरखंडाचा पिंजलेला काथ्या होता. त्यावर भिंग धरलं. काथ्याने पेट घेतला, बघता बघता भट्टी धडधडली. कंदिलाची गरजच उरली नाही. उन्हाने पेटलं, श्रोतेहो, एक नंबरचं इंजिन उन्हाने पेटलं! फोर्थ स्ट्रीटच्या भागीदारांची नावं इतिहासात आहेतच, पण मला मेटकाफचं नावही तितक्याच आदराने घ्यावंसं वाटतं.

२७ सप्टेंबरला त्याच इंजिनाने कोळशाचे आणि माणसांनी खच्चून भरलेले डबे ओढत स्टॉकटन गाठलं.

आणि आपलं नातं? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, त्या मार्गाचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली. बोरघाटातला रेल्वेमार्ग आखला तोही त्यांनीच. ते तयार झाले या रॉबर्ट स्टीफन्सनच्याच हाताखाली.