धुऱ्यावरची बोर आणि साक्षांकन नमुना

रामराम मंडळी. सोयाबीन निघालं असंल, कापूस घरात यायला लागला असंल, तर घडीभर बसा, आज पोलीस केसवर बोलायचं आहे. खून-दरोड्याची नाही हो, आपली गावातली, धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची केस.

आमच्या आर्वीकडची गोष्ट सांगतो. दोन सख्खे भाऊ, मधात धुरा, धुऱ्यावर एक बोर, म्हणजे बोराचं झाड. मोठ्यानं जेसीबी बोलावून बोर पाडली, लहाना काठी घेऊन धावला आणि झटापटीत मोठ्याचा हात मोडला. रिपोर्ट लिहायच्या वेळी कोणीतरी शहाणा म्हणे, टाका घरातले सगळेच नावात, म्हणजे जोर येतो. त्यात लहान्याचा एकोणीस वर्षांचा पोट्टाही गेला, तो त्या दिवशी वर्ध्याला कॉलेजात होता तरी. दंड संहितेचं कलम 325, जबर दुखापतीचं.

मग पोळा आला, दोघांच्या जोड्या एकाच तोरणाखाली उभ्या (आता तिथंही डीजे लावतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, कोणाला ऐकूच येत नाहीत, असो). मोठा म्हणे, "जाऊ दे ना बाप्पा, झालं ते झालं." लोकअदालतीत तडजोड झाली, सगळे सुटले, केस मिटली.

पोट्टा पोलीस भरतीच्या मागं लागला. पहाटे चारला रोडावर, 1600 मीटर, गोळाफेक, मग लेखी, आणि यादीत नाव आलं, मायनं गावभर पेढे वाटले. मग आला साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म. त्यात विचारलं होतं, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय? क्लासवाले सर म्हणे, मिटली ना केस, मग नाही लिही. (हे क्लासवाले फी घेताना लई हुशार असतात.) त्यानं लिहिलं "नाही".

चारित्र्य पडताळणीत ठाण्याच्या रेकॉर्डवर नाव निघालं. नोटीस आली. तो म्हणे, साहेब, मी तर निर्दोष सुटलो. साहेब म्हणे, सुटला ना, मग लपवलं काहून? निवड रद्द. केसनं नाही गेली बरं नोकरी, त्या "नाही"नं गेली.

म्हणून सांगतो, केस मिटली तरी फॉर्मवर लिहायची. परत सांगतो, मिटली तरी लिहायची, आणि निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जोडायची. सुप्रीम कोर्टानं 2016 साली अवतार सिंग प्रकरणात हेच सांगितलं, माहिती खरी द्या, आणि खरं सांगितलं असंल तर नोकरी देणाऱ्यानं प्रकरण किरकोळ आहे का हे पाहावं. म्हणजे लिहिलं की नोकरी पक्कीच असंही नाही, पण बोलायला जागा राहते. केस चालू असंल तर पासपोर्टलाही कोर्टाची परवानगी लागते. पोरगं अठराच्या आतलं असंल तर कायदा बराचसा सांभाळून घेतो, तो भाग वकिलाला विचारा. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे नंबर बदलले, फॉर्मवरचा प्रश्न काही गेला नाही.

आता तो पोट्टा काळीपिवळी चालवते. मोठा काका बाजाराला त्याच्याच गाडीत बसते, आणि पोट्टा त्याच्याकडून भाडं पुरं घेते, एक रुपया सोडत नाही.