रूटचे शेल: सोयीच्या दिवसाचे की पुराच्या?

मित्रहो, गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पोहोचले की गळ्यापर्यंत, एवढे विचारून नाशिककर पुढचा अंदाज बांधतो. अशा वेळी लागणारा दोर कोणी पलीकडच्या काठावर ठेवून येत नाही. युनिक्स या संगणक-यंत्रणेतल्या रूट या प्रशासक खात्याचे लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन करताच सुरू होणारा आणि टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, निवडताना मात्र पुष्कळ जाणती माणसे नेमके हेच करून बसतात, आणि त्यांत एके काळी मीही होतो.

पासवर्ड फाइलमध्ये प्रत्येक खात्याची एक ओळ असते. तिच्यात विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले सात रकाने असतात आणि शेवटच्या रकान्यात लॉगिननंतर सुरू होणाऱ्या शेलचा पूर्ण मार्ग असतो. सामान्य वापरकर्त्याने तिथे काय लिहावे हा त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. रूटची गोष्ट वेगळी, कारण या खात्याची खरी गरज लागते ती यंत्र धड चालत नसताना.

जुन्या यंत्रणांमध्ये डिस्क लहान असत. म्हणून मूळ विभाग छोटा ठेवून ‘यूएसआर’ हा मोठा पसारा वेगळ्या विभागावर ठेवण्याची पद्धत होती. स्टीफन बोर्न यांचे ‘एसएच’ हे शेल युनिक्सच्या १९७९च्या सातव्या आवृत्तीसोबत आले, ते ‘बिन’मध्ये, म्हणजे मूळ विभागावरच राहिले. डिस्क बिघडली, दुसरा विभाग माउंट झाला नाही, म्हणजे यंत्रणेला जोडला गेला नाही, तरी हे शेल हाताशी असे. पुष्कळ यंत्रणांवर ते स्टॅटिक लिंक केलेले, म्हणजे लागणारा सगळा कोड स्वतःतच सामावलेले असल्यामुळे बाहेरच्या कोणत्याही लायब्ररीवाचून, म्हणजे सामायिक कोडच्या फाइलीवाचून, चालत असे. रूटला साधे शेल देण्याच्या परंपरेमागे असा रोखठोक हिशेब होता. तिला जुन्या लोकांचा हट्ट समजणे बरोबर नाही.

सातपूरच्या एका कारखान्यातला फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या यंत्रणेवर चालणारा सर्व्हर मी सांभाळत असे. फ्रीबीएसडीच्या मूळ संचात बॅश हे सोयीचे शेल नसते. ते पॅकेज म्हणून घ्यावे लागते आणि ‘यूएसआर-लोकल’मध्ये बसते. बाण दाबून मागची आज्ञा परत आणण्याची सवय लागलेली असल्याने मी माझ्या आणि रूटच्या, दोन्ही खात्यांना बॅश देऊन टाकले. पुढे पॅकेजे अद्ययावत करताना बॅशला लागणाऱ्या एका लायब्ररीची जुनी आवृत्ती काढली गेली, पण बॅश मात्र जुनेच राहिले. मी विंडो बंद करून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी लॉगिन केले तर पासवर्ड मान्य होई, लायब्ररी सापडत नसल्याची एक ओळ येई आणि जोडणी तुटे. रूटचेही तेच. शेवटी सिडकोतून सातपूर गाठून यंत्र सिंगल यूजर मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या किमान अवस्थेत, चालू करावे लागले. तिथे फ्रीबीएसडी कोणते शेल हवे ते विचारते आणि नुसते एंटर दाबले की मूळ ‘एसएच’ देते. मग विभाग लिहिता येतील असे पुन्हा माउंट करून मी तो रकाना दुरुस्त केला. दुरुस्तीला दहा मिनिटे पुरली. कारखान्याच्या साहेबांना कारण समजावून सांगायला मात्र बराच वेळ गेला.

रूटचे शेल बदलल्यास यंत्र सुरूच होणार नाही, अशी एक भीती ऐकू येते. ती बहुतांशी निराधार आहे. सुरुवातीच्या स्क्रिप्ट, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या आज्ञांच्या फाइली, आपल्या पहिल्या ओळीत लिहिलेल्या शेलनेच चालतात. ठरल्या वेळी कामे चालवणारा क्रॉनही, वेगळे सांगितले नसेल तर, ‘एसएच’च वापरतो. खरा धोका दुसरीकडे आहे. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून सुरक्षित जोडणीने, रूटला एखादी आज्ञा पाठवली तर ती रूटच्या लॉगिन शेलच्या हाती पडते. बॅकअपच्या आज्ञेत त्रुटींचा प्रवाह मुख्य प्रवाहात वळवण्याची ‘एसएच’ची खूण असेल आणि रूटला बिल जॉय यांचे सी-शेल दिलेले असेल, तर ते ती खूण नाकारते, आणि बॅकअप झालाच नाही हे कळायला कधी कधी महिना जातो. फ्रीबीएसडीने रूटला अनेक वर्षे सी-शेलच दिले होते. २०२३मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीत ते बदलून ‘एसएच’ केले. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवे होते.

लिनक्सच्या प्रचलित वितरणांवर बॅश मूळ संचातच असते, म्हणून तिथे रूटला ते असण्यात काही वावगे नाही. हौसेने नंतर बसवलेले झेडशेल किंवा फिश यांसारखे शेल रूटला देणे मात्र मी टाळतो. सोय हवीच असेल तर आपल्या खात्याचे शेल हवे ते ठेवावे आणि दुसऱ्याच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या ‘सुडो’ला एस हा पर्याय द्यावा, म्हणजे आपलेच शेल रूटच्या अधिकाराने उघडते. फ्रीबीएसडीवर याच कामासाठी ‘टूर’ नावाचे, रूटचीच अक्षरे उलटी लिहून केलेले आणि रूटचाच शून्य हा वापरकर्ता-क्रमांक असलेले खाते असते. त्याला हवे ते शेल आणि पासवर्ड द्यावा आणि रूटला हात लावू नये.

काही जण रूटच्या प्रोफाइल फाइलमध्येच, म्हणजे लॉगिन होताच शेल वाचते त्या फाइलमध्ये, बॅशची फाइल असल्यास तिकडे उडी मारण्याची सूचना लिहितात. ही युक्ती फसवी आहे. माझ्या प्रसंगात फाइल जागेवर होती, तिला चालवण्याची परवानगीही होती. नव्हती ती लायब्ररी. तपासायचेच असेल तर आधी बॅशकडून एखादी निरुपद्रवी आज्ञा चालवून पाहावी आणि ती यशस्वी झाली तरच उडी मारावी. मी तर प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खूण, आल्यावर ‘बॅश’ हा शब्द हातानेच टाइप करतो.

इतके ऐकूनही कोणाला रूटचे शेल बदलायचेच असेल, तर रूटची एक विंडो उघडी ठेवून बदल करावा, दुसऱ्या विंडोतून नव्याने लॉगिन करून पाहावे आणि ते जमेपर्यंत पहिली विंडो बंद करू नये. मार्गात एक अक्षर चुकले तरी ओपनएसएसएच हे एसएसएच जोडणी सांभाळणारे सॉफ्टवेअर, ते शेल अस्तित्वात नाही म्हणून, रूटला दारातूनच परत पाठवते. आणि त्याचे कारण लॉगिन करणाऱ्याला न सांगता सर्व्हरवरच्या नोंदवहीत लिहून ठेवते, जी वाचायला आत जाता आले पाहिजे.