धोक्यांची रांग

स्क्रीनवर हा जो तक्ता दिसतोय ना, याला एफएमईए म्हणतात. मशीनचा एकेक पार्ट घ्यायचा आणि विचारायचं, हा कसा बिघडेल आणि बिघडला तर काय होईल. विमान घ्या, रिअॅक्टर घ्या, अशा ओळी हजारोंनी निघतात, आणि सगळं एकदम दुरुस्त करायला ना वेळ असतो ना पैसा. मग आधी कुठल्या धोक्याला हात घालायचा?

जुनी पद्धत सोपी. परिणाम किती वाईट, किती वेळा घडेल आणि वेळेत पकडता येईल का, तिन्हीला 1 ते 10 मार्क द्यायचे आणि गुणाकार करायचा, बास. आता या दोन ओळी बघा. वरच्या ओळीत माणूस मरू शकतो म्हणून 10, क्वचित घडेल म्हणून 2, चटकन सापडेल म्हणून 2, झाले 40. खालच्या ओळीत सगळीकडे 4, झाले 64. म्हणजे किरकोळ कटकट आधी आणि जिवावरचं नंतर! 2019 मध्ये अमेरिकन आणि जर्मन गाडी इंडस्ट्रीने मिळून नवीन हँडबुक काढलं, त्यात हा गुणाकारच काढून टाकला, परिणाम आधी बघायचा असं ठरलं.

पण मला विचाराल तर खरी गोची मार्क देतानाच होते. बोइंग 737 मॅक्सचं एमसीएएस घ्या, विमानाचं नाक आपोआप खाली करणारं सॉफ्टवेअर. ते उगाच चालू झालं तर नेहमीच्या उड्डाणात धोका 'मेजर', म्हणजे मधल्या पायरीचा धरला होता, त्याच्या वरचा नाही, कारण पायलट काही सेकंदांत ओळखेल आणि सावरेल असं गृहीत धरलं. विमानावर नाकाचा हवेशी कोन मोजणारे सेन्सर दोन होते, पण सॉफ्टवेअर एका वेळी एकच वाचायचं, आणि मेजर म्हटल्यावर तेही खपून गेलं. सिम्युलेटरवर टेस्ट झाली तेव्हा नुसतं नाक खाली नेऊन बघितलं, सेन्सर बिघडल्यावर बाकी जे अलार्म वाजतात ते वाजवलेच नाहीत. 29 ऑक्टोबर 2018 ला इंडोनेशियात आणि 10 मार्च 2019 ला इथिओपियात ते सगळे एकदम वाजले, पायलटच्या हातातली स्टिक थडथडतेय, स्पीड आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत, आणि नाक परत परत खाली जातंय. दोन्ही विमानं कोसळली, 346 माणसं गेली.

आता ते सॉफ्टवेअर दोन्ही सेन्सर ताडून बघतं आणि दोघांचं जुळत नसेल तर चालूच होत नाही.