तांब्यातलं मीठपाणी

श्रोतेहो, नमस्कार. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवा. बुळबुळीत लागतं ना? तो जिवाणूंचा थर, म्हणजे प्लाक. आपण खाल्लेल्या साखरेचं ते आम्ल करतात आणि दात झिजवतात. थर तसाच राहिला की लाळेतल्या कॅल्शियमनं तो दगडासारखा घट्ट होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. ते चूळ भरून निघत नाही, डॉक्टरांकडं खरवडूनच काढावं लागतं.

आमच्या खानापूरच्या आज्जीच्या हिरड्या सुजल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला, अर्धा मिनिट तोंडात खळखळवा आणि थुंका. आज्जीनं तांब्याभर करून सोप्यातल्या कट्ट्यावर ठेवलं. तेवढ्यात निपाणीचा मामा आला, उन्हातनं, घामाघूम. पाहुण्यासाठीच ठेवलंय असं समजून त्यानं तांब्या उचलला आणि वरून गटागटा ओतला. (हल्ली पाहुण्याच्या हातात प्लास्टिकची बाटली देतात. मला ते पटत नाही. तांब्या-भांडं ते तांब्या-भांडं!) दुसऱ्या घोटाला डोळे पांढरे. मामा अंगणात पळाला, फुर्रर्र करून थुंकला. शेजारच्या अक्का कन्नडमधून ओरडल्या, "अय्यो, उप्पुनीरू!" म्हणजे मीठपाणी. आम्ही पोरं हसून लोळलो. मामा मिश्री लावायचा, तुळशीपुढं सगळी काळी पिचकारी. आज्जी म्हणाली, "बघ रे, पोटात काय काय साठवलायस."

आता ध्यानात ठेवा. मीठ सुजलेल्या हिरडीतलं पाणी ओढून घेतं, म्हणून बरं वाटतं. खायचा सोडा आम्ल मारतो. बाजारच्या काही माउथवॉशमध्ये जस्ताचे क्षार असतात, ते जिवाणूंची वाढ आणि तोंडाचा वास रोखतात, किटणही हळू धरतं. पण मीठपाणी ब्रशची जागा घेत नाही. परत सांगते, मीठपाणी ब्रशची जागा घेत नाही. फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासल्यावर लगेच चूळ भरू नका, फ्लोराइड धुऊन जातं. मीठपाणी दुपारच्या जेवणानंतर करा. बीपी असेल तर गिळू तर अजिबात नका. आणि मिश्री? ती तंबाखूच. तिनं कॅन्सर होतो. मीठ त्यावर उतारा नाही.

मामा पुढच्या खेपेला आला, तर तांब्याला तोंड लावायच्या आधी त्यात बोट बुडवून चाटून बघितलं.