शिक्षा कमी झाली, हे म्हणायचं कुणी?

सत्र न्यायालय निकाल वाचतं. खुनाचा प्रयत्न सिद्ध. ३ वर्षं सक्तमजुरी. मागच्या बाकावरचा जखमी माणूस वकिलाकडे वळतो. तीनच? अपील करता येईल ना?

आरोपीला येईल. जखमीला येणार नाही.

या गुन्ह्याला किमान शिक्षा ठरलेली नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०७ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १०९ आहे. १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दुखापत झाली असेल तर जन्मठेपसुद्धा. एवढ्या मोठ्या टप्प्यात आकडा न्यायाधीशच ठरवतात. हत्यार कोणतं, वार कुठे, तयारी किती, आधीचे गुन्हे आहेत का, सगळं तोलून. पण जखम भरून आली म्हणून गुन्हा हलका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलंय, जखम जीवघेणीच असायला हवी असं नाही. मारण्याचा इरादा आणि त्या दिशेने केलेली कृती पुरेशी आहे.

मग शिक्षा अपुरी वाटली तर? उच्च न्यायालयात शिक्षावाढीचं अपील सरकार करतं, सरकारी वकिलामार्फत. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४१८.

२००९ च्या अखेरीस पीडितालाही अपिलाचा हक्क मिळाला. आरोपी सुटला, सौम्य कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर. अपुऱ्या शिक्षेचा त्यात उल्लेखच नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच स्पष्ट केलं: केवळ शिक्षा कमी म्हणून पीडिताला अपील करता येत नाही.

गुन्हा समाजाविरुद्ध असतो, सूडाचा हिशोब कोर्टात येऊ नये, हे कारण मला समजतं. तरी भरपाई कमी म्हणून दाद मागता येते आणि शिक्षा कमी म्हणून नाही, हे मला अजिबात पटत नाही. मान वाचवताना ज्याचा हात कायमचा अधू झाला, त्याचं म्हणणं ऐकायला काय हरकत आहे?

सरकारने अपील केलंच, तरी शिक्षा वाढेलच असं नाही. आरोपीला बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते. तिथे तो शिक्षा घटवा म्हणू शकतो, थेट निर्दोष सोडा असंही म्हणू शकतो. सगळा पुरावा पुन्हा उघडतो. हे योग्यच आहे. कुणाच्या आयुष्यातली आणखी वर्षं घ्यायची तर खटला पुन्हा तपासलाच पाहिजे.

उच्च न्यायालय स्वतःहूनही कागद मागवून शिक्षा वाढवू शकतं, आरोपीला नोटीस देऊन.

म्हणून मागच्या बाकावरचा तो माणूस निकालाची प्रत घेतो आणि सरकारी वकिलाच्या कार्यालयात अर्ज देतो: अपील करा.