पाव टाकी पेट्रोल असताना गाडी का मरते

मंडळी, टेबलावरची ही काचेची टाकी माझ्या मुलाच्या माशांची आहे. मासे सध्या बादलीत आहेत आणि साडेनवाच्या आत टाकी परत न्यायची अट आहे, म्हणून प्रस्तावना नाही, थेट कामाचं बोलतो.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद. म्हणजे 60 बाय 30 सेंटीमीटर. आत सहा लिटर पाणी आहे, दिसावं म्हणून रंगपंचमीचा उरलेला लाल रंग टाकलाय. आता टाकी सपाट आहे, पाण्याची उंची सव्वातीन सेंटीमीटर, दोन बोटं. मधोमध नळी उभी केलीय, तिचं तोंड तळापासून जरासंच वर आहे. ही तुमच्या गाडीच्या टाकीतली सक्शन नळी समजा. आता एका टोकाखाली चार विटा ठेवतो. झाला 30 अंशांचा चढ. बघा काय झालं. पाणी सगळं खालच्या टोकाला जमा. तळावर त्याची कड कुठपर्यंत येते? 26 सेंटीमीटर. आणि नळी आहे 30 वर. पाणी सहाच्या सहा लिटर आहे, थेंबभरही सांडलेलं नाही, आणि नळी मात्र हवा ओढतेय.

घरी आमटी तळाला गेली की आपण पातेलं कलतं करतो आणि पळी खालच्या कडेला नेतो. गाडीत पातेलं कलतं होतं, पण पळी एकाच जागी खिळ्यानं ठोकलेली. दुखणं एवढंच आहे. आणि चढच लागतो असंही नाही. सपाटीवर गुरुत्वाच्या निम्म्या जोरानं ब्रेक मारलात तरी पेट्रोलचा पृष्ठभाग साधारण 26-27 अंश कलतो.

हे मला आज सोपं वाटतं. माझ्या स्वतःच्या गाडीवर हे कळायला तीन आठवडे गेले. जुनी एमजी 410 जिप्सी, तिच्यात मी हौसेनं एस्टीम कारचं एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं, इंजिन बसवलेलं. ओढ्यातून बाहेर पडायच्या चढावर नाक वर गेलं की दोन गचके आणि गप्प. काटा पाव टाकीवर. मागे घरंगळत सपाटीला आलं की अर्ध्या स्टार्टरला चालू. मी प्लग बदलले, कॉइल बदलली, फिल्टर दोनदा बदलला, ईसीएमची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, अर्थिंग नव्यानं ओढली. शेवटी माझ्याकडे काम शिकणारा पोरगा म्हणाला, "दादा, ही नाक वर केल्यावरच मरते, आणि टाकी फुल असली की मरत नाही." त्याला ईसीएम म्हणजे काय हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्याचं लक्ष गाडीकडे होतं.

आता खरा प्रश्न. हीच टाकी, हीच नळी, जुनं इंजिन असताना गाडी का मरत नव्हती? जिप्सी 1985 च्या डिसेंबरमध्ये आली, 970 सीसी, कार्बोरेटरवाली. 1996 ची जिप्सी किंग 1298 सीसी, तीही आधी कार्बोरेटरवर. एमपीएफआय 2000 साली आलं. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. त्याला एक वाटी असते, फ्लोटची, म्हणजे पातळी राखणाऱ्या तरंगत्या गोळ्याची. त्यात कटिंग चहाएवढं पेट्रोल कायम साठलेलं. टाकीतल्या नळीनं मध्येच हवेचा घोट घेतला, तर तेवढ्या वेळात इंजिन वाटीतलं पेट्रोल पितं. तुम्हाला पत्ताही लागत नाही. एमपीएफआयला ही वाटीच नाही. इंजेक्टरपाशी अडीच-तीन बारचा दाब लागतो, आणि पंपाच्या तोंडात हवा गेली की तो दाब क्षणात कोसळतो. म्हणजे आपण कार्बोरेटर काढून भंगारात टाकला तेव्हा त्याच्याबरोबर एक छोटी टाकीही फेकून दिली. ती परत बसवायची, हेच आजचं सगळं काम आहे. (कार्बोरेटरवाल्यांनी फार खूश होऊ नका. तीव्र चढावर तुमचा फ्लोट वेगळीच नाटकं करतो. पण तो टाकीचा दोष नव्हे.)

ज्यांची गाडी कंपनीतूनच इंजेक्शनची आली त्यांच्या टाकीत पंपाभोवती बहुतेक प्लास्टिकचं भांडं असतं, ते याच कामाला. इंजिन बदलताना जुनीच टाकी ठेवली की ते भांडं आपल्या नशिबी नसतं. डिझेलवाल्यांना तर सांगायलाच नको. एकदा एअर घेतली की स्पॅनर घेऊन चढावरच बोल्ट ढिले करत एअर काढायची, खाली कोणीतरी चाकाला दगड लावून उभा.

पण टाकीला हात लावायच्या आधी दोन गोष्टी बघा. टाकीचं झाकण उघडल्यावर फुस्स आवाज करत हवा आत गेली, तर तुमची ब्रीदर नळी चिखलानं बुजलीय. पेट्रोल निघतंय पण त्याच्या जागी हवा शिरत नाहीये. हा रोग दोन रुपयांच्या तारेनं बरा होतो. दुसरं, विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढून काढणारं, बॅटरीवरचं यंत्र) ओढताना पंपाला किती व्होल्ट मिळतात ते मोजा. आणि पेट्रोलचा दाब दाखवणारा प्रेशर गेज बसवा. चढावर गेजचा काटा पडला तर पेट्रोलचा प्रश्न. काटा जागेवर राहूनही इंजिन मेलं, तर मला फोन करू नका, इलेक्ट्रिशियनला करा.

उपाय म्हणून लोक पहिल्यांदा विचारतात, मोठी टाकी टाकू का? नको. 40 लिटरची 60 केली तरी पाव उरल्यावर तोच खेळ, वर वजन वाढलं. टाकीत आडवे पत्रे घालतात, तळाच्या कोपऱ्यांना भोकं ठेवून. त्यानं पेट्रोलचं हेलकावणं थांबतं. झटका असेल तिथं उपयोग होतो. पण गाडी पाच मिनिटं चढावर अडकून उभी असेल, तर पेट्रोल त्या भोकांतून निवांत पाझरून खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतंच.

म्हणून सर्ज टँक, म्हणजे कार्बोरेटरबरोबर फेकलेली ती छोटी टाकी परत. हा माझ्या हातातला बघा. आठ सेंटीमीटर व्यास, 30 सेंटीमीटर उंची, दीड लिटर मावतं. बुटका आणि रुंद का नाही? हा 30 अंश कलला तरी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पातळीत फरक पडतो साडेचार सेंटीमीटर. अर्धा भरलेला असला तरी तळातलं तोंड बुडालेलंच राहतं. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं काम आहे. पालिकेचं पाणी येतं-जातं, नळाला धार असतेच.

याला चार नळ्या. मुख्य टाकीतून कमी दाबाचा एक पंप याच्यात वरून पेट्रोल ओततो. तळातून जास्त दाबाचा पंप उचलून इंजिनला देतो. इंजिनकडून रेग्युलेटरची (दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागाची) रिटर्न नळी, न लागलेलं पेट्रोल घेऊन, पुन्हा याच्यातच येते. आणि चौथी, अगदी माथ्यावरून, जादा झालेलं पेट्रोल आणि हवा मुख्य टाकीत परत नेते. चुका होतात त्या या चौथीत. ती बारीक ठेवली की भांड्यात दाब साठतो; खाली लावली की हवा बाहेर पडत नाही. येणाऱ्या नळीएवढी तरी जाड हवी. रिटर्नचं पेट्रोल गरम असतं, ती ऊबही याच वाटेनं बाहेर पडते.

पहिला पंप किती मोठा हवा? 80 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण दाबलं तरी मिनिटाला साधारण चारशे मिली पितं. त्याहून जास्त देणारा कुठलाही चालेल. त्याच हिशेबानं हा दीड लिटर पूर्ण रेसवर साडेतीन मिनिटं पुरतो, आणि पहिल्या गिअरमध्ये रांगताना कितीतरी जास्त. दोन्ही पंप रिलेवर घ्या, इंजिन थांबलं की पंप थांबलेच पाहिजेत. गाडी उलटली आणि पंप फवारतोय, असं नको. ब्रीदरला रोलओव्हर व्हॉल्व्ह, म्हणजे गाडी उलटली की आपोआप बंद होणारी झडप, हवाच. आणि भांडं केबिनमध्ये, सीटमागे बसवू नका. जागा सोयीची आहे, मला माहीत आहे. तरी नको.

आता वेल्डिंग. इथं मी आवाज चढवणार आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक. पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि हवेत जेमतेम दीड टक्का वाफ असली तरी ती भडकते. महिनाभर उन्हात पडलेल्या टाकीतही पत्र्याच्या घडीत वाफ दबा धरून असते. मी तरुणपणी ज्यांच्या हाताखाली होतो, त्यांनी अशाच "वाळलेल्या" टाकीला टॉर्च लावला. टाकी फुग्यासारखी फुगून गोल झाली आणि झाकण छताच्या पत्र्याला भोक पाडून गेलं. त्यांच्या भुवया परत आल्या, पण डाव्या कानानं त्यांना पुढं कमीच ऐकू यायचं. म्हणून जुनी टाकी कापू नका. सर्ज टँक नव्या ॲल्युमिनियमचा बनवून घ्या, जुन्या टाकीला फक्त नळ्या जोडायच्या. वेल्डिंग टळत असेल तर टाळाच.

नळ्या घेताना इथेनॉलला चालणारं रबर मागा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचं रबर त्यात मऊ पडतं, त्याचे कण पंपाच्या जाळीत अडकतात आणि तुम्ही पुन्हा म्हणता गाडी दम धरत नाही.

आणि हो, मोटार वाहन कायद्यात परवानगीबाहेरच्या बदलाला, दर बदलामागे, 5,000 रुपये दंड आहे, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर आधी आरटीओत विचारा. गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं, तसल्या स्पर्धेची गाडी असेल तर आयोजकांचे नियम आधी वाचा, मग पत्रा घ्या.

काम झाल्यावर तपासायचं कसं? टाकीत सहा-सात लिटरच ठेवा, गाडी रॅम्पवर नाक वर करून बांधा, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं गेजकडे बघत बसा. मग नाक खाली. मग दोन्ही कुशींवर. माझी जिप्सी बाहेर तशीच रॅम्पवर उभी आहे, बॉनेट उघडं आहे, चला दाखवतो. ज्यांना सिगारेट ओढायचीय त्यांनी आधी रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीवर जाऊन यावं. आम्ही थांबतो.