सांदवाडीचे बारा महिने

(दृश्य : कार्तिकातली सकाळ. नहाणीचा पाट, अळूची पाने, पऱ्हाट्यांचा ढीग.)

विदर्भात घरामागच्या परसाला सांदवाडी म्हणतात. वर्धा जिल्ह्यातील एका कवेलूच्या (कौलारू) घराची ही सांदवाडी रस्त्यावरून दिसत नाही, आणि घरच्यांनाही ती दाखवण्यासारखी वाटत नव्हती. आम्ही कॅमेरा ओसरीवर न लावता इकडे आणला, तेव्हा घरच्या आजींनी सर्वांत आधी खराटा हाती घेतला आणि त्यांना थांबवण्यात आमचा अर्धा तास गेला. नहाणीचे पाणी उघड्या पाटाने अळूपर्यंत येते. पाटाच्या कडेला केळीची चार खोडे आहेत, त्यांच्यामागे जांब, शेवगा आणि जुना कडुलिंब आहे, आणि कुंपणाशी गेल्या हंगामातील पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग आहे, जो चुलीत जाता जाता आता निम्मा उरला आहे. या ढिगाच्या टोकावर जो पक्षी बसला आहे, त्याच्या शेपटीकडे पाहावे.

ती थांबत नाही. काळ्या पाठीचा, विटकरी पोटाचा आणि चिमणीएवढा हा थिरथिरा आहे. तो किंचित झुकतो, शेपटी थरथरवतो, खाली उतरून पाचोळ्यातला किडा उचलतो आणि पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसतो. एका सकाळी आम्ही या फेऱ्या मोजायला बसलो आणि चाळिसाच्या पुढे मोजणे सोडून दिले. आजींच्या हिशेबात तो दसऱ्याच्या मागेपुढे येतो आणि होळीनंतर दिसेनासा होतो. त्यांचा हिशेब चुकलेला नाही. त्याचे घरटे हिमालयात आणि तिबेटच्या पठारावर दगडांच्या कपारीत असते, आणि तिकडे गारठा पडला की ज्या किड्यांवर तो जगतो तेच मिळेनासे होतात.

मात्र गारठा पडेपर्यंत तो थांबत नाही. अंगातले वर्षाचे घड्याळ आणि दिवसाची लांबी या दोन गोष्टी त्याला आधीच उठवतात. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांच्यापर्यंत पोचतो. ऋतू पालटू लागला की शरीरातील संप्रेरके बदलतात, भूक वाढते आणि कातडीखाली चरबी साठू लागते, जी पुढच्या वाटेची शिदोरी असते. असे लहान पक्षी बहुधा रात्री उडतात, कारण रात्रीची हवा थंड आणि संथ असते, ससाणे झोपलेले असतात आणि दिवस चरायला मोकळा राहतो. दिशा कळण्यासाठी त्यांना मावळतीचा उजेड, तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांचा उपयोग होतो. पिंजऱ्यात ठेवलेला स्थलांतरी पक्षीसुद्धा त्या दिवसांत रात्रभर अस्वस्थ असतो आणि ज्या दिशेला जायचे त्याच बाजूला पुन्हा पुन्हा झेपावतो, हे प्रयोगांत दिसून आलेले आहे. जेमतेम १५ ग्रॅम वजनाच्या देहात एवढी यंत्रणा बसलेली आहे, आणि ती येऊन बसते पऱ्हाटीच्या काटकीवर.

पाटाच्या ओल्या कडेने तुरुतुरु चालणारा, शेपटी वरखाली करणारा हा धोबी. त्याला परीट असेही म्हणतात, आणि नहाणीच्या पाण्याशी असलेली त्याची सलगी पाहता हे नाव ठेवणाऱ्याने नीट पाहिले होते असे वाटते. दरवर्षी येतो तो हाच, असे आजी ठामपणे सांगतात. पायात ओळखीची कडी असल्याशिवाय तसे सिद्ध करता येत नाही, पण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतात १९२७ साली सुरू केलेल्या कडी घालण्याच्या कामातून आणि इतरत्र झालेल्या अशाच अभ्यासांतून एवढे कळले आहे की पुष्कळ लहान पक्षी हजारो किलोमीटर जाऊन पुढच्या हिवाळ्यात त्याच ठिकाणी परततात.

५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा जन्मदिवस. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात दुर्बिणी घेऊन सगळे तलावावर जातात. जावे, तलावावर बदके असतात. पण थिरथिरा त्याच आठवड्यात घरामागे असतो आणि त्याला पाहायला दुर्बीण लागत नाही.

(दृश्य : धुऱ्यावरची काटेसावर, फुलांनी लाल झालेली. भोरड्यांचा थवा.)

माघ संपता संपता धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, काटेसावरीला एकही पान राहत नाही आणि सारे झाड लाल होते. भोरड्या तिथे उतरतात. गुलाबी अंग, काळे डोके आणि काळे पंख असलेल्या या मैना फुलात मान घालून मध पितात आणि बाहेर येतात तेव्हा त्यांचे तोंड परागाने माखलेले असते. ही बाजूची भोरडी बघावी, तिने चोच तीनदा फांदीला पुसली तरी कपाळावरची पिवळी धूळ गेलेली नाही. पळस फुलला की त्या पळसावर जातात, म्हणून त्यांना पळस मैना हेही नाव आहे. संध्याकाळी सगळे थवे एकत्र येतात आणि गावावरून जाताना एका अंगाने वळतात.

भोरडीचे नाव शेतकऱ्याच्या तोंडी चांगले नाही. मध्य आशियात वीण उरकून ती पावसाळ्याच्या उत्तरार्धातच इकडे येऊ लागते, आणि ज्वारीचे कणीस दुधात असताना थवा वावरात उतरला तर गोफणीशिवाय इलाज नसे. मचाणावर उभे राहून पाखरे हाकलण्यात या गावातल्या कित्येकांचे बालपण गेले. तिची दुसरी बाजू मात्र सांगितलीच पाहिजे. ती नाकतोडे आणि टोळ खाते, आणि चीनच्या शिंजियांग प्रदेशात टोळ आटोक्यात राहावेत म्हणून तिच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून दिली जातात. इकडे ज्वारी गेली आणि तिच्या जागी सोयाबीन आले, तेव्हा गोफणही खुंटीवर गेली. एप्रिलच्या मध्यापर्यंत भोरड्या निघून जातात.

(दृश्य : वैशाख. तापलेले कवेलू, कडुलिंबाची सावली.)

हिवाळाभर गप्प असलेला दयाळ आता कवेलूच्या टोकावरून पहाटेच गाऊ लागतो, आणि पाठोपाठ पावशा सुरू होतो. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे तो सांगतो, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. वास्तविक तो शेतकऱ्याला नव्हे, मादीला हाक मारत असतो, आणि त्याच्या भरवशावर पावसाआधी कोरड्या मातीत धूळपेरणी करून बियाणे वाया गेले तर दुबार पेरणीचा खर्च तो देणार नाही.

मृगाच्या आधी, वळवाच्या एका पावसानंतर केळीखालच्या पाचोळ्यात नवरंग उतरला. आखूड शेपटीचा, पोटाखाली लालभडक असलेला हा पक्षी हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून विणीसाठी मध्य भारतातील जंगलांकडे येतो, आणि लांबच्या उड्डाणाने थकलेला कधी कधी असा घरामागे सापडतो. तो पहाटे आणि सांजेला ठरल्या वेळी शीळ घालतो, म्हणून तमिळ भाषेत त्याला 'सहा वाजताचा पक्षी' म्हणतात. आमच्या कॅमेऱ्यात तो बहुतेक वेळ पाठमोराच आहे, कारण पाचोळा उलथण्यापुढे त्याला आमची पर्वा नव्हती. तो पाचोळा आजींनी त्या सकाळी झाडला नव्हता.

(दृश्य : श्रावण. शेवग्यावरचे केसाळ सुरवंट. चातक.)

पावसाबरोबर आफ्रिकेतून येणारा चातक काव्यात आभाळाचे थेंब झेलतो. सांदवाडीत तो शेवग्यावरचे केसाळ सुरवंट गिळतो, ज्यांना बहुतेक पक्षी तोंड लावत नाहीत आणि ज्यांच्यावर घरोघर पेटता पलिता फिरतो. या घरी यंदा पलिता फिरला नाही. चातकाची मादी सातभाईंच्या घरट्यात त्यांच्यासारखेच निळे अंडे घालते, आणि भाद्रपदातल्या या दृश्यात जे पिल्लू पंख थरथरवत तोंड पसरून बसले आहे, ते सातभाईंचे नाही. एक सातभाई त्याला अळी भरवतो आणि लगेच दुसरा येतो.

गावातील बऱ्याच सांदवाड्यांत आता कोबा झाला आहे आणि पाट बंद नळीत गेला आहे. तेथे धोबी उतरत नाही.

सातभाई हे शिवार सोडून जात नाहीत, म्हणजे आफ्रिकेची वाट दाखवणारे त्या पिल्लाला कोणीच नाही. आश्विनात त्याच्या डोक्यावर शेंडी आली होती. दसऱ्याच्या आठवड्यात आम्ही पुन्हा आलो तेव्हा सातभाई पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली पाचोळा उलथत होते, आणि त्यांच्यात ते नव्हते.